बठ्ठा म्हणायचं नाही

धुळ्याहून जळगावला नेहमी जाणाऱ्या माणसाला रत्ना बागूलचा चेहरा आठवो न आठवो, आवाज मात्र नक्की आठवतो. एसटीत कंडक्टर होऊन तिला बरीच वर्षं झाली होती. फागण्यापासून पाळधीपर्यंत प्रत्येक थांब्याचं नाव ती असं घ्यायची की शेवटच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला माणूसही पिशवी सावरत उठायचा. 'पारोऽऽळा' लांबवायची आणि 'उतरा' खटकन तोडायची. गाडीतली लहान पोरं तिची नक्कल करायची, तेव्हा ती स्वतःही हसायची. तोवर नकलेत विष नव्हतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. रत्नाने ना कोर्ट केलं ना कुणापुढे पदर पसरला. भरतीची परीक्षा दिली, खाकी चढवली आणि देवपुरात बापाच्या घरी राहायला आली. बाप म्हणजे सुकदेव आबा, डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मिस्त्री. घरात दोघंच. आबा बोलायचे कमी, आणि रत्नाला दिवसभर बोलून घरी बोलायची इच्छा नसायची.

अशा बाईचं रॉक संगीताशी नातं जुळलं ते सामानाच्या भांडणातून.

एका दुपारी धुळ्याच्या स्टँडवर तिघं जण गाडीत चढले. शिंदखेड्याचा प्रेमराज, उंच, हडकुळा, पाठीला गिटार. जळगावची हेमांगी, तिच्या पाठीला त्याहून लांब गिटार. आणि धुळ्यातल्या यंत्रमागवाल्या मोहल्ल्यातला हसीब, त्याच्यामागे ड्रमचं एवढं खटलं की दोन बाकं त्यातच गेली.

"हे सगळं माणसांच्या जागेवर? लगेज लागेल," रत्ना म्हणाली.

"लावा अक्का," प्रेमराज म्हणाला. "पण मग आमच्या कार्यक्रमाला यावं लागेल. जळगावला, कॉलेजच्या हॉलमध्ये. पाच वाजता."

परतीच्या फेरीला अवकाश होता आणि हॉल स्टँडपासून लांब नव्हता. रत्ना गेली. खाकी साडीवर जॅकेट, खांद्याला चामडी बॅग, अशीच सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पाच मिनिटं ऐकू आणि निघू, असा विचार होता.

सुरुवातीला काही कळेना. प्रेमराज माइकला तोंड लावून पुटपुटत होता, घरात कुणी आजारी असताना बोलतात तसा. गिटारची एकच तार वाजत होती, मध्येच थांबत होती. मग हेमांगीचा बेस खालून आला, आणि तो रत्नाला कानाने ऐकू येण्याआधी पोटात कळला. उभ्या गाडीचं इंजिन सुरू असताना पायाखालचा पत्रा थरथरतो, तसा. आणि हसीबचे ड्रम! सरळ ठेका नव्हताच तो. खट-खटाखट-खट, मग एक मात्रा अडखळल्यासारखी, आणि परत खट. लंगडा ठेका. लहानपणापासून बापाच्या मागांच्या आवाजात झोपलेला आणि उठलेला माणूसच तसं वाजवू शकत होता. गाणं असंच दबत दबत चाललं, आणि एका जागी सगळं एकदम फुटलं. गिटार कर्कश झाली, प्रेमराजचा आवाज फाटला, आणि तो फाटला तेच बरं वाटलं. नवरा गेला त्या दिवसापासून रत्नाच्या छातीत जे काही घट्ट बसलं होतं, ते त्या आवाजाने जागचं हललं. ती भिंतीला टेकून रडत होती आणि आजूबाजूची पोरं नाचत होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं, याचंही तिला बरं वाटलं.

बँडचं नाव होतं 'बठ्ठा'. अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे, सगळं.

"याला म्हणतात काय?" तिने नंतर हेमांगीला विचारलं.

"अल्टरनेटिव्ह रॉक."

"म्हणजे?"

हेमांगी हसली. "म्हणजे लग्नात वाजत नाही ते."

त्यानंतर रत्नाने त्यांचा कार्यक्रम शक्यतो चुकवला नाही. पारोळ्याला जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये झाला, तिथे पत्र्यामुळे आवाज दुप्पट घुमला आणि छतावरचा कापसाचा भुरा बर्फासारखा सगळ्यांच्या डोक्यावर पडत राहिला. वरणगावला झाला तेव्हा समोर जेमतेम चाळीस माणसं होती, पण तिघांनी असं वाजवलं की जणू मैदान भरलं आहे. ड्युटी बदलून घ्यायची, सुटी टाकायची, पण जायची. घरच्यासारखी झाली. धुळे, अमळनेर, एरंडोल, जळगाव अशी ठिकठिकाणची पोरं-पोरी नेहमी यायची. त्या सगळ्यांची ती अक्का झाली. तिच्या गाडीतूनच येणारी-जाणारी पोरं ती.

जळगावच्या एका परतीच्या प्रवासात, गाडी निम्मी रिकामी असताना, पहिल्या बाकावर बसून ती प्रेमराजशी बोलली. नवऱ्याबद्दल. आजवर आबांजवळही काढले नव्हते ते शब्द. "माझ्यात काय नव्हतं, तेवढं कुणी सांगितलं असतं ना, तर बरं झालं असतं," असं ती म्हणाली. प्रेमराज खिडकीबाहेर बघत ऐकत होता. मग म्हणाला, "अक्का, यावर गाणं करू?" ती म्हणाली, "कर, पण माझं नाव नको."

त्या गाण्याने बँडचं नाव झालं. तिचीच हाक त्यात होती, की उतर भाऊ, पारोळा आलं; आणि पुढे, माझं मन मागेच राहिलं.

'उतर भो, पारोळा उनं,
मन मनं मांगेच ऱ्हायनं.'

गाण्याच्या मध्यावर तिघंही एकदम थांबायचे. पूर्ण शांतता. प्रेमराज माइक लोकांकडे धरून विचारायचा, "कोण कोण मांगे ऱ्हायनं?" आणि सगळं मैदान ओरडायचं, "बठ्ठा!" त्या आवाजावर हसीबची काठी पडायची आणि गाणं पुन्हा उसळायचं. लोकांनी म्हटल्याशिवाय गाणं पुढे जायचंच नाही, तसंच ते बांधलेलं होतं. पहिल्या रांगेत उभी राहून रत्ना ते ओरडायची तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा ताठायच्या. आपण मागे राहिलो खरं, पण आपल्याबरोबर एवढे सगळे आहेत, असं तिला वाटायचं.

मग प्रेमराज पुण्याला गेला. जाताना नाव घेऊन गेला, गाणी घेऊन गेला, आणि हेमांगी-हसीबला मोबाईलवर दोन ओळी पाठवल्या, की आता नव्या माणसांबरोबर नवं काही करतो आहे, शुभेच्छा असू द्या. हेमांगी चिडली आणि क्लासमध्ये गणित शिकवायला लागली. हसीबने ड्रम घडवंचीखाली सारले आणि मागावर बसला.

रत्नाला वाईट वाटलं, पण तिने स्वतःची समजूत घातली. पोरगा मोठा होतो आहे, होऊ दे. पुण्याच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ ती बघतही राहिली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डेपोतल्या एका ड्रायव्हरने तिच्यापुढे मोबाईल धरला. "बाई, ह्या तुम्हीच का?"

पुण्याचा रंगमंच होता. प्रेमराजने पोटाला उशी बांधून वर खाकी शर्ट चढवला होता. ओठांना लाली. नाकातून आवाज काढत तो अहिराणी बोलत होता, "ए भो, मांगे सरक ना!" लोक हसत होते. मग तो म्हणाला, "ही आमच्या गावाकडची राणी. नवऱ्याला काही सापडलं नाही हिच्यात, म्हणून सुरतेला जाऊन बसला. आणि ही बिचारी आमच्या प्रेमात पडली!" परत हशा. आणि त्या हशावरच गाणं सुरू झालं.

रत्नाने मोबाईल परत केला, डबा मिटला, आणि गाडीवर गेली. त्या फेरीत तिने एकाही थांब्याचं नाव पुकारलं नाही. मुकटीला उतरणारे दोघे पुढे निघून गेले आणि शिव्या देत उतरले.

आठवड्याभरात तो व्हिडिओ धुळ्यात घरोघर पोचला. "राणी, दोन एरंडोल," असं म्हणत कॉलेजची टारगट पोरं हात पुढे करायची. एकाने तर चढता चढता विचारलं, "सुरतेला जाते का ही गाडी?" रत्नाने त्याला तिकीट दिलं, उरलेले सुटे दिले, आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

तिने प्रेमराजला एकच निरोप पाठवला, 'व्हिडिओ काढ.' त्याचं उत्तर आलं, 'अक्का, प्रेमाने केलंय हो! तुमची फुकटात प्रसिद्धी!' पुढे हसणारे चेहरे.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. त्यांनाही कुणीतरी दाखवलं असावं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू त्याले काही म्हनशी का नही?"

"म्हनसू," रत्ना म्हणाली. "पन तोंडघाई नही." म्हणेन, पण तोंडाने नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. पोळी लाटताना, रांगेत उभी असताना, गाडीच्या दाराशी दांडीला धरून वाकलेली असताना ती प्रेमराजचं काय करायचं याचा विचार करायची, आणि त्या विचाराने तिला भूकही चांगली लागायची. त्याची गिटार फोडावी, असं आधी वाटलं. मग त्याच्या आईपुढे जाऊन उभं राहावं, असं वाटलं. आईने काय केलं होतं? ते तिने सोडून दिलं.

मग बातमी आली. 'बठ्ठा' जळगावला येणार, मोठ्या मैदानावर, संध्याकाळी सहाला. गाववाल्यांसाठी खास कार्यक्रम.

आवाजाची आणि जनरेटरची व्यवस्था धुळ्याच्या शकीलभाईंकडे होती. जुन्या दिवसांत बँडचं सगळं तेच लावायचे. ते स्वतः रत्नाच्या गाडीत येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही फक्त सांगा. ऐन गाण्यात एक वायर ओढतो. अंधार. किस्सा खतम."

"नको," रत्ना लगेच म्हणाली. "लाइट गेली की लोक त्याचीच कीव करतील. शकीलभाई, तुम्ही तुमचं काम एकदम चोख करा. लाइट पाहिजे, माइक पाहिजे, आवाज कसा खणखणीत पाहिजे. त्याचं सगळं चालू पाहिजे. फक्त आपण नको."

शकीलभाईंना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते मिशीतल्या मिशीत हसले.

पुढच्या दिवसांत रत्नाने धुळे ते जळगाव आणि जळगाव ते धुळे एवढंच एक काम केलं. तिच्या गाडीत जुन्यातलं कुणी चढलं की तिकीट देताना खाली वाकून सांगायची. "यायचं. सगळ्यांनी यायचं. लवकर येऊन पुढे उभं राहायचं. शिट्टी नाही, शिवी नाही, चप्पल तर अजिबात नाही. नाचायचं नाही. आणि तो माइक पुढे करेल, तेव्हा बठ्ठा म्हणायचं नाही."

"एवढंच, अक्का?"

"एवढंच करून बघ. फार अवघड आहे."

कुणी विचारलं नाही की का. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता. ऋतिका नावाची पारोळ्याची एक पोरगी म्हणाली, "अक्का, मी माझ्या सगळ्या मैत्रिणी आणते." हेमांगी यायला तयार झाली. हसीब मात्र नाही म्हणाला. "अक्का, छोडो ना. मला त्याचं वाईट बघायला नाही आवडणार."

"मला आवडेल," रत्ना म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने सुटी घेतली, पण मुद्दाम खाकी घालूनच गेली. बरोबर मध्ये, पहिल्या रांगेत, कठड्याला दोन्ही हात धरून उभी राहिली. शेजारी हेमांगी. मागे आठ-दहा रांगा जुन्यांच्या. त्यामागे नुसतं नाव ऐकून आलेलं जळगाव.

प्रेमराज आला. सुरुवात झाली. शकीलभाईंनी शब्द पाळला होता, असा स्वच्छ आवाज तिने या मैदानावर कधी ऐकला नव्हता. नवा ड्रमवाला तयारीचा होता, एक मात्रा इकडची तिकडे होत नव्हती. पण ते घासून-पुसून ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यासारखं लख्ख होतं. हसीबचं ते अडखळणं कुठेच नव्हतं, आणि ते नसल्यामुळे गाणं फुटायच्या जागीही फुटत नव्हतं, नुसतं मोठं होत होतं. आणि तरी प्रेमराजचा आवाज मध्येच तसाच फाटला तेव्हा रत्नाच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःचाच संताप आला. एवढं करूनही याचा आवाज आपल्याला आवडतो! तिने कठडा आणखी घट्ट धरला.

पुढच्या रांगा हलेनात. मागचे लोक आधी जरा नाचले, मग पुढच्यांच्या ताठ पाठी बघून तेही थंडावले. प्रेमराज घामाघूम झाला. "काय जळगाव, केळी खाऊन झोपलात काय?" कुणी हसलं नाही. मग त्याने तो खाकी शर्ट बाहेर काढला. उशी पोटाशी धरली. "ए भो, मांगे सरक..." वाक्य अर्धंच राहिलं, कारण समोरच्या शेकडो चेहऱ्यांवर काहीच उमटलं नव्हतं. आणि त्या चेहऱ्यांच्या मधोमध खरी खाकी उभी होती. त्याने तिला पाहिलं. उशी एका हातात लोंबकळत राहिली.

त्याने घाईघाईने गाणं सुरू केलं. उतर भो, पारोळा उनं. गाणं चढत गेलं आणि मध्यावर, नेहमीच्या जागी, थांबलं. त्याने माइक पुढे केला. "कोण कोण मांगे ऱ्हायनं?"

कुणीही बोललं नाही. जनरेटरची घरघर ऐकू आली. लांब कुठे पाण्याच्या बाटल्या विकणारा ओरडत होता, तो ऐकू आला. ऋतिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. रत्नाच्या जिभेवर तो शब्द आला होता, सवयीने, थेट दातांपर्यंत, आणि तिने तो गिळला.

"कोण कोण मांगे ऱ्हायनं?" त्याने परत विचारलं. आता आवाजात विनवणी होती. नवा ड्रमवाला काठ्या वर धरून कधी पाडू म्हणून बघत होता.

"अक्का..." माइकमधूनच प्रेमराजच्या तोंडून निघालं. सगळ्या मैदानाला ते ऐकू गेलं. रत्नाने त्याच्या डोळ्यात डोळे घालून पाहिलं, आणि पापणी लवू न देता पाहतच राहिली.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारा माणूस, सगळे आहेत तरी कुठे अशा अगदी साध्या कुतूहलाने, मोठ्याने म्हणाला, "अरे, पन बठ्ठा कोठे शेतस?"

आणि मग अख्खं मैदान हसलं. पुण्याच्या हशासारखंच, पोट धरून. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. प्रेमराजने चुकीच्या सुरावर गिटार छेडली, परत छेडली, शब्द विसरला, आणि आणखी एक गाणं कसंबसं आटपून खाली उतरला. हेमांगी रत्नाला म्हणाली, "बस झालं ना आता?" रत्नाला त्या क्षणी इतकं गोड वाटत होतं की बोलून ते सांडायचं नव्हतं.

त्या शांततेचा व्हिडिओ आधीच्या व्हिडिओपेक्षा जास्त फिरला. प्रेमराजचे पुढचे कार्यक्रम गळाले. पुण्याचा ड्रमवाला त्याला सोडून गेला. आणि मग एका सकाळी प्रेमराज धुळ्याच्या स्टँडवर तिच्या गाडीत चढला, पहिल्या बाकावर बसला. दाढी वाढलेली, पाठीला काही नाही.

"कुठलं देऊ?" रत्नाने विचारलं.

"अक्का, माझं चुकलं."

"कुठलं देऊ?"

"पाया पडतो, अक्का. तो व्हिडिओ काढला मी. सगळ्यांसमोर माफी मागतो, म्हणाल तिथे मागतो."

"माग. सगळ्यांची माग," ती म्हणाली. "पण ते मी तुला बाकावर बसून सांगितलं होतं, प्रेमराज. एकट्याला. ते तू हजार लोकांना दिलंस. ते आता परत घेता येतं का? येत असेल तर आण. मग बघू."

त्याने जळगावचं तिकीट घेतलं. तो पूर्ण रस्ता तो बसून होता आणि ती त्याच्या अंगावरून येत-जात थांबे पुकारत होती. आवाज परत आला होता, पूर्वीपेक्षा चढा. उतरताना तो दाराशी घुटमळला. तिने ड्रायव्हरला डबल बेल दिली.

त्याने मोबाईलवर सगळ्यांसमोर माफी मागितली, रडलाही. लोक विरघळले. हेमांगीने त्याला फोन केला. आणि थोड्या दिवसांनी हसीब रत्नाच्या घरी आला, चपला हातातच धरून उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"अक्का, तो परत बोलावतोय. आम्हा दोघांना. पहिल्यासारखं." त्याने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "मागावर बसतो ना, तर बोटं आपोआप ठेका धरतात. झोप नाही येत. तुम्ही नको म्हणाल तर नाही जाणार."

रत्नाने त्याला पाणी दिलं. आत कुठेतरी तिला वाटलं की याने नाही म्हणावं, माझ्यासाठी म्हणावं. पण त्याची बोटं पाण्याच्या पेल्यावरही वाजत होती.

"जा, वाजव," ती म्हणाली. "माझ्यावर ठेवू नकोस. पण मी येणार नाही."

"कधीच?"

"त्याने तोंड उघडलं की मला उशी दिसते, हसीब."

जुना 'बठ्ठा' परत उभा राहिला. धुळ्याला कार्यक्रम झाला, देवपुरापासून फार लांब नाही. वारा तिकडून होता, त्यामुळे ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. आबा चहा पीत बसले होते. त्यांनी मान तिरकी केली. "हाऊ त्या हसीबनाच ठेका शे ना वं? भलता मस्त वाजाडस."

"हो," रत्ना म्हणाली. तो लंगडा ठेका तिच्या पोटापर्यंत पोचत होता. पाय हलायला बघत होता, तिने तो हलू दिला नाही. मग पारोळ्याचं गाणं आलं. थांबलं. त्या फटीत मैदान ओरडलं, सगळी पोरं ओरडली, ऋतिकाही त्यात असेल.

आबांनी तिच्याकडे बघितलं. "तू अजून त्याले माफ नही करं?"

"नही."

"कवयलोंग?" त्यांनी विचारलं. कधीपर्यंत.

रत्ना उठली, त्यांचा रिकामा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, "आबा, घाई कोनले शे?"